अकरावा दाणा

ओढ्याकाठचं गवत तुऱ्यावर आलं हे मला कुणी सांगावं लागत नाही. नाकच सांगतं. सकाळी डोळे उघडायच्या आधी टाळूला खाज सुटते, आणि मग एकामागून एक अशा शिंका, की हे अजूनही पलंगावरून मोजतात. "चौदा," म्हणतात, "काल सोळा होत्या." लग्नाला एवढी वर्षं झाली, पण माझ्या शिंका मोजायची या माणसाला हौस आहे.

मी या घरात आले तेव्हा घरात माझ्यासकट तीन माणसं आणि मधमाश्यांच्या चाळीस पेट्या होत्या. हे सुतार. पेट्या, चौकटी, झाकणं सगळं यांच्या हातचं. माश्या मात्र सासूबाईंच्या. सासरे वारल्यापासून त्यांनी एकटीनं सांभाळलेल्या. गावात त्यांना मागून राणीमाशी म्हणायचे. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, आणि हात असे की कोपरापर्यंत मेणाचा आणि धुराचा वास. साबणानं जायचा नाही तो. मला तो वास पहिल्यांदा नकोसा वाटला होता. आता कुठे मिळेल तर सांगा.

मी शिंप्याची पोर. आई मला आठवतच नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत, चिंध्यांच्या ढिगात वाढले. बाप आणि दोन भाऊ मशीनवर, मी काजं करायला. कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, खोटं कशाला बोलू? पण जेवलीस का असं विचारणारंही कुणी नव्हतं. ताट झाकलेलं असायचं, आपलं आपण काढून घ्यायचं.

पहिल्याच हंगामात माझी शोभा झाली. सासूबाई पेटी उघडून चौकट वर काढत होत्या आणि माश्या शांत करायचं धुराडं माझ्या हातात होतं. दोन फुंकरा धूर द्यायचा, थांबायचं, परत दोन. पेटी उघडी असताना मोठ्यानं बोलायचं नाही, धक्का द्यायचा नाही, एवढंच त्यांनी शिकवलं होतं. आणि मला शिंक आली. नाक दाबलं, श्वास कोंडला, काही उपयोग झाला नाही. अशी शिंकले की धुराडं थेट चौकटीवर आपटलं. माश्या उसळल्या. मी पळाले. सासूबाई पळाल्या नाहीत. चौकट सरळ धरून, पेटीत नीट बसवून, झाकण ठेवून मग बाजूला झाल्या. सात डंख. त्यातला एक पापणीवर.

संध्याकाळी त्यांचा डावा डोळा पार मिटला होता. मी कोपऱ्यात बसून रडत होते आणि शिंकत होते. नाक गळतंय ते रडण्यानं की गवतानं हे माझं मलाच कळत नव्हतं.

"आई, हिला फुलोरा संपेपर्यंत माहेरी ठेवू," हे म्हणाले. "हिचेही हाल, तुझेही."

सासूबाई एका डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिल्या. त्या वर्षी मी दोन महिने माहेरी राहिले. तिथं गवत नव्हतं आणि शिंकाही नव्हत्या. मागच्या खोलीत चिंध्यांवर झोपायचे, काजं करायचे, ताट काढून घ्यायचे. भाऊ एकदा म्हणाला, "दरवर्षी येणार का आता?" वाईट मनानं नाही बोलला तो. जागेची अडचण होती. पण ते वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं.

पुढच्या वर्षी थंडी सरायच्या आतच सासूबाईंनी यांना फळीला भोकं पाडायला बसवलं. प्रत्येक पेटीच्या दारापुढे ती फळी लावायची. भोक एवढंच, की माशी अंग चोरून आत जाईल, पण तिच्या पायांना चिकटलेले परागाचे गोळे खरवडून खालच्या ताटलीत पडतील. एक सूत मोठं झालं तर पराग आत जातो, एक सूत लहान झालं तर माशीचा पंख तुटतो. दोन दिवस हे नुसती भोकंच पाडत होते आणि स्वतःशी पुटपुटत होते. फळी ठेवायची ती दिवसातून दोनच तास. "त्यांच्या पोरांचं खाणं आहे ते," सासूबाई म्हणायच्या. "सगळं ओरबाडायचं नसतं."

ताटलीत पडलेले दाणे मोहरीच्या फुलाचे पिवळे, सूर्यफुलाचे शेंदरी, काही विटकरी, काही राखाडी. सावलीत फडक्यावर वाळवून त्यांनी बरणी भरली.

"यंदा हिला कुठे पाठवायची नाही," त्यांनी जाहीर केलं. "ज्या फुलानं त्रास होतो तेच अंगाला रोज थोडं थोडं द्यायचं. अंग ओळखायला लागतं. मग चिडत नाही. माझ्या सासूनं असाच एकाचा दमा घालवला होता."

पहिल्या दिवशी एक दाणा. दुसऱ्या दिवशी दोन. रोज एकानं वाढवायचा. सकाळी पेट्यांकडे जायच्या आधी त्या माझ्यापुढे उभ्या राहायच्या. तळहातावर दाणे मोजायच्या, ओठ हलवत, जसं काही सोनं मोजतायत, आणि म्हणायच्या, "जीभ काढ." मी जीभ काढायचे. त्या दोन बोटांनी दाणे जिभेवर ठेवायच्या. त्यांच्या हनुवटीवर एक पांढरा केस होता, तो तेवढा मला दिसायचा.

आता हसाल तर हसा. मी तेवीस वर्षांची घोडी झाले होते, आणि कळायला लागल्यापासून मला कुणी हातानं भरवलं नव्हतं. तो एक दाणा तोंडात गेला की मी डोळे मिटून घ्यायचे. दाणा कडसर-गोड, जिभेवर पीठ होऊन विरघळायचा. मी रात्री झोपताना सकाळची वाट बघायचे. यांना सांगितलं असतं तर यांनी तेही मोजलं असतं.

अकराव्या दिवशी अकरा दाणे. गिळले आणि धुणं घेऊन ओढ्यावर गेले. अर्ध्या वाटेत ओठ जड झाले. जीभ सुजून तोंडात मावेना. कानात वाजायला लागलं. मी पाण्यात तोंड घालून बसून राहिले. तासाभरानं उतरलं. घरी आले तेव्हा ओठ अजून सुजलेलेच होते. सासूबाईंनी विचारलं तर म्हटलं, "माशी चावली." त्या घरात हे कुणालाही खरं वाटावं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मेण पोचवायला मोठ्या गावी गेले तेव्हा दवाखान्यात शिरले. डॉक्टर तरुण होता. सगळं ऐकून खुर्चीतून पुढे सरकला.

"बाई, ते परत तोंडात घालू नका. या वेळी ओठ सुजले, पुढच्या वेळी घसा बंद होईल. दवाखान्यात पोचायलाही वेळ मिळणार नाही. कळतंय का?"

त्यानं शिंकांसाठी गोळ्या दिल्या. रोज एक, फुलोरा संपेपर्यंत.

कळत होतं. न कळायला काय झालं? पण घरी येऊन सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुमचं औषध मला बाधतं, असं? मग फळ्या निघणार, बरणी फडताळात जाणार, आणि सकाळचं ते "जीभ काढ" संपणार. दवाखान्याच्या गोळीवर त्या घरात विश्वास कुणाचा? औषध नाही म्हटल्यावर हे पिशवी भरायला सांगणार. परत चिंध्या. परत "दरवर्षी येणार का?"

म्हणून मी मूर्खपणा केला. दुसरा शब्द नाही त्याला. सकाळी जीभ काढायची, दाणे जिभेखाली सरकवायचे, मान हलवायची, आणि सासूबाई वळल्या की न्हाणीमागच्या राखेत थुंकून तीनदा चूळ भरायची. तेवढ्यानंही हिरड्या खाजायच्या. गोळ्या मी बटणांच्या डब्यात ठेवल्या होत्या, रोज अंथरुणावर पडताना एक घ्यायचे. बारा, तेरा, चौदा. सासूबाई एकवीस दाण्यांवर थांबल्या, मग रोज एकवीसच. "बास. एवढं पुरे," म्हणाल्या.

गवत तुऱ्यावर आलं. ओढ्याकडून वारा सुटला. आणि मी शिंकले नाही.

सासूबाईंना काय झालं ते बघायला हवं होतं तुम्ही. एरवी चार शब्दांत दिवस काढणारी बाई. पण दूधवाली आली की तिला बसवून घ्यायच्या. "बघ, बघ हिच्याकडे. आहे का नाक लाल? मागच्या वर्षी उंबऱ्यात उभं राहवत नव्हतं." पेटी उघडताना मुद्दाम मला जवळ उभं करायच्या, आणि काम झालं की माझ्या पाठीवर थाप. त्या थापेनं माझा जीव अर्धा व्हायचा. दूधवालीनं ही बातमी दुधाबरोबर घरोघर वाटली.

आणि मग शाळेतल्या बाई आल्या.

या बाई पाचवीपासून सातवीपर्यंत एकट्या शिकवायच्या. किडकिडीत, नेहमी घाईत. त्या सकाळी त्यांचे डोळे टोमॅटोसारखे झाले होते. हातातला रुमाल पिळून काढावा असा.

"वर्गात उभं राहता येत नाही हो," त्या म्हणाल्या. "पोरं माझ्या शिंकांवर पैजा लावतात. परीक्षा आठवड्यावर आली. तुमच्या सुनेला गुण आला म्हणे. मलाही द्या."

मी चुलीपुढे चहा गाळत होते. हात तिथंच थांबला. दूधवालीही बसलेली होती, चहाची वाट बघत.

सासूबाईंनी बरणी काढली. "तसं थंडीतच सुरू करायला हवं होतं, बाई. एकेक दाणा वाढवत. पण आता हंगाम डोक्यावर आलाय, मोजत बसायला वेळ कुठे? आणि सुनेला एकवीस दाणे सहज पचतात, काही म्हणता काही झालं नाही. तुम्हाला चमचाभरच देते."

एकवीस दाणे सहज पचतात. हे मीच त्यांना शिकवलं होतं, रोज मान हलवून.

मी मनाशी म्हटलं, बाईंना काही होणारही नाही. सगळ्यांना थोडंच होतं? सासूबाई स्वतः मूठभर खातात. गप्प बसावं. त्यांनी चमचा भरला, वर शीग आली. बाईंनी डोळे मिटून तोंड उघडलं. आणि मला माझीच जीभ आठवली, ओढ्यावर, तोंडात न मावणारी. आणि या बाईंना त्या वेळी ओढाही जवळ नसणार. वर्गात चाळीस पोरं असणार, आणि त्यांना वाटणार बाई गंमत करतायत.

मी उठले आणि चमच्यावर हात मारला.

दाणे सगळीकडे उडाले. भांड्यांवर, बाईंच्या मांडीवर, जमिनीवर.

"आई, नका देऊ!" मी म्हटलं. तोवर मी त्यांना कधी आई म्हटलं नव्हतं. 'अहो' म्हणायचे, नाहीतर नुसतंच जाऊन पुढ्यात उभी राहायचे. त्या शब्दाची तोंडाला सवयच नव्हती. "मी खातच नाही ते. थुंकून टाकते. ओठ सुजले होते माझे, माशी नव्हती चावली. मी दवाखान्यातली गोळी घेते."

दूधवालीनं "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात घेतला.

सासूबाईंच्या हातात रिकामा चमचा तसाच होता. "कधीपासून?"

"अकराव्या दाण्यापासून."

त्या खाली बसल्या आणि जमिनीवरचे दाणे वेचायला लागल्या. एकेक. मी वेचायला वाकले तर म्हणाल्या, "राहू दे." शाळेतल्या बाई बिचाऱ्या "असू द्या, असू द्या" म्हणत मांडीवरचे दाणे झटकायचे की द्यायचे या विचारात अवघडून बसून राहिल्या. दूधवाली चहा न पिताच निघाली. तिला आज घाई होती. दुपारपर्यंत गावाला कळलं की राणीमाशीचं औषध तिची सूनच थुंकून टाकते.

पुढचे चार दिवस आठवले की अजून नको वाटतं. सासूबाईंनी सगळ्या फळ्या काढून यांच्यापुढे टाकल्या. "चुलीत घाल." यांनी इतकी मेहनत केलेली, बिचाऱ्यांनी गुपचूप छपरावर ठेवल्या. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "काय, दवाखाना उघडलात का घरी?" सासूबाई घागर भरायच्या आणि मान वर न करता निघायच्या. ज्या बाईपुढे गावाची जीभ वळत नव्हती, तिला माझ्यामुळे हे ऐकावं लागत होतं. माझ्याशी बोलायच्या ते कामापुरतं. धुराडं आण. झाकण धर. सकाळी तळहात पुढे यायचा नाही. मी न्हाणीपाशी उगाच रेंगाळायचे, आणि त्या शेजारून पेट्यांकडे निघून जायच्या.

मी गोळ्या बंद केल्या. का, ते विचारू नका. शिक्षा म्हणून म्हणा, की आता बरी राहून तरी कुणाला दाखवायचंय म्हणून म्हणा. दोन दिवसांत डोळे सुजून मिटले, छातीत शिट्ट्या वाजायला लागल्या.

पाचव्या दिवशी सकाळी सासूबाई घरात नव्हत्या. पेट्यांकडेही नव्हत्या. ऐन मधाच्या दिवसांत, पेट्या तशाच सोडून. हे मला बघून म्हणाले, "असं किती दिवस? मी पोचवतो तुला. आईचं डोकं शांत झालं की घेऊन येतो." त्यांचंही चुकत नव्हतं. मी दोन कपडे पिशवीत भरले. बटणांचा डबा भरला. हे सायकलीत हवा भरायला लागले. मी ओसरीवर बसून शिंकत राहिले, आणि यांनी त्या दिवशी मोजल्या नाहीत.

दहाच्या सुमाराला सासूबाई वाटेवर दिसल्या. घामानं भिजलेल्या, चपला धुळीनं पांढऱ्या. मोठ्या गावापर्यंत पायी जाऊन आल्या होत्या. जन्मात दवाखान्याची पायरी न चढलेली बाई. येऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या आणि पिशवीकडे बघितलं.

"हे काय?"

"माहेरी जाते."

"कुणी सांगितलं?" त्यांनी यांच्याकडे बघितलं. यांनी पंप खाली ठेवला. "त्या पोराला भेटून आले. डॉक्टरला. म्हणतो, हिला त्रास होतो तो वाऱ्यानं उडणाऱ्या गवताच्या परागाचा. म्हणतो, माश्या त्या गवताकडे फारशा जातच नाहीत, मग तुमच्या बरणीत ते येणार कुठून? मी म्हटलं, माझ्या माश्या कुठे जातात ते तू मला सांगू नकोस." त्या थांबल्या. पाणी पण मागितलं नाही. "पण तो म्हणाला, फुलांचा परागही हिला बाधतो, घसा बंद झाला असता. जागच्या जागी गेली असती, म्हणाला."

त्यांचा आवाज चिरकला. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं.

"माझ्या हातून गेली असतीस तू. या हातानं. आणि रोज सकाळी जीभ काढून उभी राहत होतीस. का गं? डोकं फिरलं होतं का तुझं?"

खोटं बोलून बोलून थकले होते.

"तुम्ही भरवत होता ना," मी म्हटलं. "मला कधी कुणी भरवलं नाही."

सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. यांनी सायकल भिंतीला लावली. मग मलाच एक मोठी शिंक आली.

त्यांनी कमरेची पुडी काढली. पुडीतून एक पांढरी गोळी. तळहातावर ठेवली, ओठ हलवत बघितली. एकच होती, मोजायला काही नव्हतं, पण सवय.

"जीभ काढ."

मी जीभ काढली. त्यांनी दोन बोटांनी गोळी ठेवली. मेणाचा, धुराचा वास. त्यात आज रस्त्याची धूळ. पाण्याचा तांब्या स्वतः आणून तोंडाला लावला. मी गिळलं.

"आ कर."

मी आ केला.

"जीभ वर कर."

मी जीभ वर केली. त्यांनी माझी हनुवटी धरून, वाकून, पेटीत राणी शोधावी तसं नीट आत बघितलं. डावीकडे. उजवीकडे.

"हं," म्हणाल्या. "न्हाणीमागच्या मुंग्या उपाशी मरणार आता. चांगल्या लठ्ठ झाल्या होत्या." आणि पिशवी उचलून आत गेल्या.

त्यानंतर एकोणीस फुलोरे त्यांनी मला गोळी दिली. एकही सकाळ चुकली नाही. आणि एकोणीस वर्षं रोज जीभ वर करून दाखवायला लावली. पाहुणे बसलेले असोत, पोरं हसत असोत. "हिच्यावर माझा विश्वास नाही," असं सगळ्यांना सांगायच्या, आणि माझ्या केसांवरून हात फिरवायच्या. शेवटी शेवटी हात थरथरायचा. गोळी जिभेवर पडायच्या ऐवजी मांडीत पडायची. मग मी त्यांचं मनगट धरायचे आणि तोंडाशी न्यायचे. डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हाही "जीभ वर कर" म्हणायच्या, आणि अंदाजानं बघायच्या.

आता पेट्या चारच उरल्यात. छपरावरच्या फळ्या केव्हाच कुजल्या. काल ओढ्याकडून वारा सुटला. आज सकाळी यांनी चौदा मोजल्या. मी उठून न्हाणीशी गेले, गोळी स्वतःच जिभेवर ठेवली, पाणी प्यायले. आणि मग तिथंच, कुणी नसताना, आ करून जीभ वर केली. डावीकडे दाखवली, उजवीकडे दाखवली, आणि थोडा वेळ तशीच उभी राहिले.